राहिलेला डाव

माझ्या धाकट्या दिरांचे पणजोबा कातारी होते. लाकूड फिरवून त्याला गोलाई देणे हा त्यांचा धंदा, आणि जन्मभर त्यांनी पलंगांचे खूर कातले. आजोबांनी जिन्यांचे कठडे कातले आणि उरलेल्या तुकड्यांतून मुलांसाठी चकऱ्या काढल्या. माझे सासरे सूतगिरणीला लागणाऱ्या बॉबिनी कातत. त्या कधी कोणाच्या नजरेत भरल्या नाहीत, आणि सासऱ्यांनीही तशी अपेक्षा ठेवली नाही. चौथ्या पिढीत दोघे भाऊ. थोरल्याने, म्हणजे आमच्या ह्यांनी, लोखंड पत्करले आणि पंपांच्या कारखान्यात टर्नर म्हणून निवृत्तीपर्यंत उभे राहिले. धाकट्या भावजींनी ना लाकडाला पटाशी लावली ना लोखंडाला. ते एका सहामजली इमारतीत लिफ्टमन झाले, आणि पगारातून लाकडी चकऱ्या जमवू लागले.

"दिवसभर माणसं वर-खाली करायची आणि संध्याकाळी चकरी वर-खाली करायची," असे माझी सून म्हणते. "काका आयुष्यात आडवे कधी चाललेच नाहीत."

बाहेरचे जग चकरीला यो-यो म्हणते. आमच्या घरात तो शब्द रुजला नाही. तो प्लास्टिकच्या वस्तूला शोभतो. चकरी म्हणजे दोन लाकडी तबकड्या, त्यांना जोडणारा आस, आसाभोवती दोरी आणि दोरीच्या टोकाला बोटात घालायचा सरफास. चकरी खाली सोडली की दोरीच्या टोकाशी ती जागच्या जागी फिरत राहते; त्याला गुंगणे म्हणतात. गुंगलेल्या चकरीला हलका झटका दिला की ती वर चढते. फिरणे संपले असेल तर मात्र कितीही ओढा, ती लोंबकळतच राहते. मग ती मेली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचे समजणार नाही. दोन्ही तबकड्या एकाच लाकडाच्या शेजारशेजारच्या कापांतून निघाल्या असतील तर ती चकरी सख्खी. वेगवेगळ्या लाकडांच्या असतील तर सावत्र. सख्खी चकरी जमिनीवर घरंगळत सोडली तर सरळ जाते. सावत्र चकरी थोडे अंतर गेली की वळते आणि भिंत गाठते. भावजी नवी चकरी घेऊन आले की चप्पल काढण्याआधी ती मधल्या खोलीत घरंगळवत. ती भिंतीकडे वळली तर तिला नावे न ठेवता खिडकीजवळच्या खिळ्यांवर टांगत.

"तिचा काय दोष, वहिनी? जोडणाऱ्याने जोडलं."

त्यांच्या मागच्या खोलीच्या तिन्ही भिंती अशा चकऱ्यांनी भरल्या आहेत. लाखेच्या तांबड्या कड्यांच्या, कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीचा रंग पोपडे धरून गेलेल्या, कोटाच्या गुंडीएवढ्या इवल्याशा, एक तर जेवणाच्या ताटलीएवढी, जी खेळताना भावजींनी माझा दिवा फोडला. दररोज त्यांतल्या काहींना ते दोरीवर सोडत. लाकूड नुसते टांगून ठेवले तर ते आंबते, असे त्यांचे मत. भावजींनी लग्न केले नाही. खोली झाडायला गेले की भिंतीभर दोऱ्या हलत, आणि मी केरसुणी टेकवून क्षणभर उभी राही. कौतुकाने नव्हे, कंबरेमुळे.

गेल्या वर्षी भावजींच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मानेतली नस दबली आहे, मधले बोट आधी बधिर होईल, मग बाकीची, असे डॉक्टर म्हणाले. सरफास मधल्याच बोटात असतो. भावजी दवाखान्यातून आले, खुर्चीत बसले, आणि पाण्याचा पेला हातात धरून म्हणाले,

"बोट जाईल, त्याचं मला काही नाही, वहिनी. माझा एक डाव राहिलाय. तेवढा खेळून गेलं असतं तर बरं झालं असतं."

तो डाव कोणता हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते. तो ज्यांनी द्यायचा होता ते शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, आणि बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

हकीकत माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. दोघांच्या तोंडून मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की मीच त्या अंगणात उभी होते असे वाटते. आजोबांनी आपल्या शेवटच्या जिन्याच्या लाकडातून दोघा नातवांत मिळून एक चकरी कातून दिली, आणि भांडणे होऊ नयेत म्हणून नियमही घालून दिला. चकरी वर येत राहील तोवर खेळणाऱ्याचा डाव. मेली की दुसऱ्याचा. आणि ज्याने डाव दिला त्याने दुसऱ्याचा डाव संपेपर्यंत उभे राहायचे. बसायचे नाही, घरात जायचे नाही. मुलांना शिस्त लावण्याचे काम आमच्याकडे असे खेळातूनच होत असे.

त्या संध्याकाळी ह्यांचा डाव होता. चकरी खाली गेली आणि थांबली. "मेली!" धाकट्याने आरोळी ठोकली. "माझा डाव!"

"मेली नाही, गुंगलीय," असे म्हणून ह्यांनी जोराने झटका दिला. चकरी वर आली नाही. ती तिरपी उडाली, दगडी पायरीवर आपटली आणि तिची एक तबकडी दुभंगली. चकरीच उरली नाही, मग डाव कुठला? धाकटा रडला, थोरला हट्टाला पेटला, आणि शाबूत राहिलेली तबकडी धाकट्याने आपल्या उशीखाली ठेवली. तेव्हापासून त्याने भावाला नाव दिले: डावबुडव्या.

घरात हे नाव लाडाचे होते. जेवताना ह्यांनी शेवटची पोळी घेतली की भावजी म्हणत, "घ्या घ्या, डाव बुडवला तिथं पोळीचं काय!" आणि हेही हसत. माझ्या मते नावे घरातच ठेवावीत. उंबरा ओलांडला की त्यांचे वजन बदलते. ह्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात निरोप समारंभ झाला. दोन शब्द बोलायला भावजींना उभे केले, आणि त्यांना चेव चढला.

"माझ्या दादाने कारखान्याचं एक सूत लोखंडही कधी खाल्लं नाही," ते म्हणाले, "पण माझा एक डाव खाल्लाय! अजून दिला नाही. डावबुडव्या आहे तुमचा टर्नर!"

सारा कारखाना हसला. व्यवस्थापकांनी घड्याळ देताना तोच शब्द पुन्हा उच्चारला. ज्या माणसाने शेजाऱ्याचे उसने मीठसुद्धा दिवस मावळायच्या आत परत केले, त्याला शेवटच्या दिवशी, कामगारांदेखत, बुडव्या म्हटले गेले. घरी आल्यावर ह्यांनी कोट काढला आणि मला म्हणाले,

"त्याला सांग, मी त्याला काही लागत नाही."

आपल्या भाषेत ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात, एक देण्याचा आणि एक नात्याचा. कोणता घ्यायचा ते ह्यांनी सांगितले नाही. भावजींनी दोन्ही घेतले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले, आणि माझे दुप्पट झाले.

"वहिनी, दादाला सांगा, न्हाणीतला नळ गळतोय."

"त्याला सांग, वॉशर आणलाय. आणि नळ नीट बंद करत जा म्हणावं."

"सांगा, मी नीटच करतो."

तिघेही एकाच टेबलाशी बसलेले असत. मी मधल्या खुर्चीवर. "आई," सून म्हणाली, "निदान टपालखर्च तरी लावा." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर दोन पीळ होते, आणि दोन्हींची टोके माझ्या हातात.

अशात ह्या वर्षी भावजींना त्यांच्या जुन्या इमारतीतल्या पहारेकऱ्याचा फोन आला. त्या इमारतीचा जिना म्हणजेच आजोबांचा शेवटचा जिना. तिथे लिफ्ट बसली आणि जिना ओस पडला. "आजोबांच्या कामाला मीच बेकार केलं," असे भावजी नोकरीभर म्हणत आले होते. आता मालक लाकडी कठडा उखडून स्टीलचा बसवीत होता, आणि जुने खांब टेम्पोत भरले जात होते. भावजी धावत गेले आणि डाव्या खांद्यावर एक खांब घेऊन आले. कातीव, मधोमध फुगीर, कित्येक हातांनी गुळगुळीत केलेला. उशीखालच्या त्या एकट्या तबकडीला सख्खी जोड मिळू शकेल असे लाकूड जगात तेवढेच उरले होते.

परंतु कातणार कोण? घरात लहानसे लेथ होते, मागच्या बोळकांडीत. ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेले. भावजींनी खांब लेथशेजारच्या कोपऱ्यात उभा केला आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"वहिनी, दादाला जरा..."

"नाही," मी म्हणाले. "निरोप बंद. आजपासून."

"एवढा एकच."

"भावजी, मी ह्या घरात सून म्हणून आले, तारखात्यात नोकरीला आले नाही. तुम्हाला तोंड आहे, त्यांना कान आहेत. मधे मी नाही."

ह्यांनाही मी तेच सांगितले. त्यानंतर घरात जी शांतता पसरली तिने मला अधिकच थकवले. नळ पुन्हा गळू लागला आणि गळतच राहिला. भावजी जेवणाच्या वेळी डाव्या हाताने चमचा धरू लागले. खांब कोपऱ्यात उभा होता. हे लेथपाशी जात, यंत्राला तेल देत, आणि खांबाकडे पाठ करून परत येत. बोट मात्र कोणाची वाट पाहत नव्हते. एके सकाळी भावजींनी चहाचा गरम पेला धरला आणि तो भाजतो आहे हे त्यांना वाफ पाहून कळले.

त्याच दुपारी भावजी दवाखान्यात गेले असताना बोळकांडीतून लेथचा आवाज आला. मी दाराशी गेले. ह्यांनी खांब हातात घेतला होता आणि फुगवट्याखालची एक बारीक कडी अंगठ्याने चाचपत होते.

"आजोबांची पटाशी," मला म्हणाले. "शेवटी हात असा किंचित उचलायचे."

"निरोप आहे का कोणाला?" मी विचारले.

"नाही. तबकडी आण त्याच्या खोलीतून."

मी आणली. ह्यांनी कॅलिपर लावून तिची प्रत्येक बाजू मोजली, खांबाचा काप घेतला आणि जुन्या तबकडीशी केसभरही फरक पडणार नाही अशी नवी तबकडी कातली. आस बसवला, दोरी चढवली, आणि चकरी जमिनीवर सोडली. ती बोळकांडीत हातभर सरळ गेली, मग वळली आणि भिंतीला लागली.

ह्यांनी ती पुन्हा सोडली. पुन्हा भिंत. त्यांनी पुन्हा मोजले, माप बिनचूक. हे स्टुलावर बसले आणि आपल्या हातांकडे पाहत राहिले. "हात गेला माझा," म्हणाले. त्यांच्या तोंडून असे वाक्य मी कधी ऐकले नव्हते.

हात गेला नव्हता. जन्मभर लोखंड कातलेल्या माणसाने लाकूड कातले होते, इतकेच. लोखंडात माप जुळले की वजन आपोआप जुळते. लाकडाचे तसे नसते. एकाच झाडाचे दोन तुकडे, पण एक जिन्यात उभा राहून लोकांच्या तळहातांचे तेल प्यायला आणि दुसरा उशीखाली वाळून कोळ झाला. ते आकाराने सख्खे असले तरी वजनाने दुरावलेले होते. ही चूक कातारी करीत नाही आणि टर्नरच्या वाट्याला ती येत नाही. कातारी घराण्यातून लोखंडाकडे गेलेल्या माणसानेच ती करावी.

भावजी परतले ते चकरी भिंतीला लागण्याच्या आवाजावर. त्यांनी सारे पाहिले; खांबाला पडलेली खाच, जमिनीवरचा भुसा, स्टुलावरचा भाऊ. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग त्यांना आठवले की आपण बोलत नाही.

"वहिनी, सांगा..."

"बंद," मी म्हणाले.

तेव्हा ते लेथकडे वळले आणि लेथला उद्देशून म्हणाले, "वजन सावत्र आहे. नवी जड आहे. आतून पोखरायला हवी, वरून नाही."

हे उठले. तेही लेथलाच म्हणाले, "आतून किती?"

"लाकूड सांगेल."

"लाकूड सांगेल! लाकडाला काय तोंड आहे?"

"काहींना तोंड असून काय उपयोग झाला?"

मला हसू आले, परंतु मी ते तिथे दाखवले नाही. पुढच्या काही दुपारी अशाच गेल्या. ह्यांनी किंचित पोखरायचे, भावजींनी डाव्या तळहातावर दोन्ही तबकड्या तोलायच्या, आणि दोघांनी यंत्राशी बोलायचे. सून ऑफिसातून आली की विचारी, "आज लेथ काय म्हणालं?" मी चहाचे दोन पेले लेथच्या कडेवर ठेवून येई. दोघेही म्हातारे लवकर दमत; एकजण वेताचा मोडा ओढून बसे, दुसरा भिंतीला टेके, आणि मधे ते यंत्र बंद पडून राही. त्या थकव्यात जुना राग टिकवणे दोघांनाही जड जात होते, हे मला दिसत होते. पण पहिले वाक्य कोणी उच्चारायचे हा प्रश्न लेथला सोडवता येत नव्हता.

अखेर एके दिवशी चकरी बोळकांडीत सोडली आणि ती सरळ गेली. दारापर्यंत, माझ्या पायांपर्यंत. मी ती उचलून ह्यांच्या हातात दिली. कातणाऱ्याने आपला जिन्नस आधी स्वतः तपासायचा असतो. ह्यांनी मोड्यावरून उठून सरफास बोटात घातला आणि चकरी सोडली.

ती गुंगली. सुरेख गुंगली, बारीक आवाज येत होता आणि तबकडी एखाद्या भरल्या पाण्यासारखी स्थिर दिसत होती. ह्यांनी ओढली नाही; ते वाकले आणि बाजूने तिच्याकडे पाहू लागले. ते टर्नर होते, फिरणारी वस्तू पाहत उभे राहणे हेच त्यांचे आयुष्य. आवाज मंदावला. तबकडीवर आधी नुसते धुके होते, मग त्या धुक्यातून लाकडाच्या रेषा वर आल्या, एकेक, मोजता येतील अशा. त्याच क्षणी ह्यांनी झटका दिला. चकरी तिरपी उसळली आणि लोंबकळली.

त्यांनी पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडली. रेषा दिसण्याआधी झटका दिला तेव्हा ती तळहातात आली. रेषा दिसल्यावर दिला तेव्हा तिरपी उडाली. कितीदा त्यांनी हे केले ते मी सांगत बसत नाही. प्रत्येक वेळी तसेच झाले. मग त्यांनी चकरी तशीच लोंबत ठेवली आणि मान वर केली. लेथकडे नव्हे, भावाकडे.

"तुला त्या दिवशी रेषा दिसल्या होत्या का रे?"

भावजींनी भिंतीची टेक सोडली.

"म्हणूनच तर मेली म्हणालो, दादा. मी वाकून उभा होतो, चकरीसमोर. तू वरून पाहत होतास. वरून रेषा दिसत नाहीत."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"रडत होतो ना."

ह्यांनी दोरी गुंडाळायला घेतली. जाडजूड बोटांनी, सावकाश, पीळ न चढू देता. "म्हणजे डाव तुझाच होता," म्हणाले. "मी देणं लागत होतो. ये इकडे."

"आता बोटाला कळत नाही काही."

"घालतो मी."

त्यांनी सरफास भावाच्या मधल्या बोटात सरकवला आणि पेराशी आवळला. भावजींना तो जाणवला नसावा. त्यांनी डोळ्यांनी पाहून खात्री करून घेतली. मी दोघांनाही अंगणात जायला सांगितले, बोळकांडीत हात पुरता हलवता येत नाही. अंगणात एक खुर्ची होती. ह्यांचे गुडघे उभे राहण्याजोगे राहिलेले नाहीत.

"बसा," मी म्हणाले.

"डाव देणारा बसत नाही," हे म्हणाले.

भावजींनी हात उचलला आणि चकरी सोडली. ती गुंगली, मला आवाज ऐकू आला. पण भावजी गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले. जिवंत चकरीची थरथर दोरीतून बोटात येते, आणि ती वाट बंद झाली होती. त्यांचे डोळेही आता बारीक रेषांचे राहिलेले नाहीत.

"दादा, जिवंत आहे का?"

हे गुडघ्यांवर हात टेकून वाकले. "आहे. ओढ."

चकरी वर आली. पुन्हा खाली गेली. "आहे?" "आहे, घाई करू नकोस. आता ओढ." भावजींचा हात खांद्यातून चालत होता, बोटाची कसर दंड भरून काढत होता, आणि कपाळावर घाम आला होता. हे वाकलेलेच होते. एकदा त्यांचा गुडघा लचकला आणि त्यांनी माझा खांदा धरला. तरी नजर चकरीवरून हलली नाही. मला वाटले, हा माणूस आता कधीच मेली म्हणणार नाही. चकरी थांबली तरी आहे आहे म्हणत राहील, आणि भाऊ उगाच ओढत राहील. अशा खोट्या दयेने देणे फिटत नाही. मी बोलणार होते, पण हे माझे काम नव्हते.

सावली अंगणाच्या कडेला पोचली. भावजी पूर्ण दमले होते. चकरी खाली गेली, आणि ह्या वेळी आवाज लवकर मंदावला.

"दादा?"

ह्यांनी नीट पाहिले. घाई केली नाही.

"रेषा दिसल्या," म्हणाले. "मेली."

भावजींनी ओढून पाहिले नाही. भावाने सांगितले ते मान्य करून त्यांनी हात खाली सोडला, आणि डाव्या हाताने, अडखळत, सरफास बोटातून काढला.

"फिटलं," भावजी म्हणाले. "सगळं."

तेव्हा हे खुर्चीत बसले.